पाटलाच्या विहिरीपासून पॅरिस

वरवट बकालच्या हिंमतराव पाटलांच्या ओसरीवर रोज दिवेलागणीला झुंबरबाई सतरंजी अंथरत आणि अर्धं गाव त्या सतरंजीवर येऊन बसे. झुंबरबाईंच्या सासूच्या वेळेपासून हे असंच चालत आलेलं होतं. त्या दिवशी मात्र सतरंजी अंथरून झाली, पानाचा डबा ठेवून झाला, कंदील लागला, आणि कोणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी शाळेचे महादेवराव मास्तर तेवढे आले. पण मास्तर जेवायला पाटलांकडेच असत, त्यामुळं ते आले काय आणि न आले काय, त्याला बैठक म्हणता येत नव्हतं.

"गाव कुठं गेलं?" पाटलांनी आत विचारलं.

"उकंडरावच्या ओट्यावर," झुंबरबाईंनी चुलीपुढून सांगितलं. "त्याचा जावई विमानात बसला म्हणते."

उकंडराव हा पाटलांचा शेतशेजारी. दोघांच्या शेतांत एकच धुरा, म्हणजे एकच बांध. शेगाव-खामगावापलीकडं जग आहे हे उकंडरावनं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, आणि पाहावं असं त्याला वाटलंही नव्हतं. पण पोरगी खामगावला चांगल्या घरी दिली होती. जावई डॉक्टर झाला आणि आणखी मोठा डॉक्टर व्हायला विलायतेला गेला. तिथून तो काही कामानं लंडनहून पॅरिसला गेला, तो विमानानं. खामगावचे व्याही मुद्दाम येऊन ही बातमी सांगून गेले. शंभर कोस अंतर, आणि विमानाला लागले सव्वादोन तास.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, कारभार नागपुराहून चाले, आणि गावातून नागपूर पाहून आलेला माणूस एकच, तो म्हणजे हिंमतराव पाटील. एका दाव्याच्या कामानं ते रेल्वेनं जाऊन आले होते. त्या प्रवासावर त्यांनी कित्येक वर्षं ओसरी चालवली होती. गाडी कुठं थांबली, बडनेऱ्याला पाणी कसं मिळालं, नागपुरात रस्ता ओलांडायला किती वेळ उभं राहावं लागलं, हे सगळं गावाला पाठ होतं. चुकून पाटलांनी एखादं टेसन गाळलं तर मागून कोणीतरी त्याची आठवण करून देई. लांबचं अंतर आणि तिथं पोचायला लागणारा वेळ हा गावात पाटलांचा विषय होता. त्यात आता उकंडराव घुसला होता, आणि तोही जागचा न हलता.

चौथ्या दिवशी पाटील हरवलेली म्हैस शोधायच्या निमित्तानं उकंडरावच्या घरावरून गेले. म्हैस गोठ्यातच होती. ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध उकंडराव बसलेला, आणि त्याची बायको गोजरबाई दारात उभ्या राहून, आपणच विमान वर चढवल्यासारख्या सगळ्यांकडं पाहत होत्या.

"या पाटील, बसा," उकंडराव म्हणाला. "विमानाचंच चालू हाय." आणि त्यानं पायरीजवळ, जिथं चपला काढून ठेवल्या होत्या, तिथं थोडी जागा करून दिली.

पाटील बसले नाहीत. उकंडराव सांगत होता की सकाळी धार काढून माणूस लंडनहून निघाला तर न्याहारीला पॅरिसात. ऐकणाऱ्यांपैकी निवृत्ती म्हातारा, ज्यानं नागपूरची गोष्ट पाटलांच्या खालोखाल तोंडपाठ केली होती, तो म्हणाला, "मंग आपल्या पाटलाले नागपूरले जायाले रात्र काऊन लागली?" आणि माणसं हसली. फार नाही हसली, पण पाटलांना ते घरापर्यंत ऐकू आलं.

घरी आल्यावर पाटलांनी मास्तरांना विचारलं, की हे लंडन आणि पॅरिस शाळेच्या नकाशात आहे काय. मास्तर म्हणाले, आहे. वरच्या साहेबांनी दिलेला युरोपचा मोठा नकाशा शाळेत टांगलेला होता. गावात त्याच्याकडं अजून कोणी पाहिलं नव्हतं, एक पाल सोडून.

पाटलांना नकाशा नवा नव्हता. पटवाऱ्याच्या दप्तरातला गावचा नकाशा त्यांनी जन्मभर हाताळला होता. कोणाचा धुरा कुठवर, कोणाच्या बांधात कोण घुसला, असं भांडण आलं की पाटील नकाशावर दोरा ठेवत, दोरा बोटांनी मोजत आणि निकाल देत. दोन बोटं म्हणजे किती शेतं, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. त्यांचा निकाल कधी चुकला नव्हता.

त्यामुळं शाळेत गेल्यावर त्यांनी कनवटीचा दोरा काढला, मास्तरांनी दाखवलेल्या लंडनावर एक टोक धरलं आणि पॅरिसावर दुसरं. दोन बोटं भरली. पाटील दोऱ्याकडं पाहतच राहिले. मग त्यांनी पुन्हा मोजलं. दोनच बोटं.

तिथून ते तडक पटवाऱ्याकडं गेले, गावचा नकाशा उघडायला लावला आणि त्यावर तोच दोरा ठेवला. एक टोक त्यांच्या स्वतःच्या विहिरीवर ठेवलं, तर दुसरं बरोबर उकंडरावच्या गोठ्यावर येत होतं.

मास्तर मागोमाग आले होते. त्यांनी हळूच सांगून पाहिलं, की पाटील, दर नकाशाचं प्रमाण वेगळं असतं.

"वेगळं कसं?" पाटील म्हणाले. "सरकारचा शेर इथं एक अन् खामगावले दुसरा असते काय? गज वेगळा असते काय? मंग नकाशा कसा वेगळा राहीन? सरकार त एकच हाय ना?"

मास्तर बोलणार होते. पण तेवढ्यात झुंबरबाईंनी जेवायला चला म्हणून सांगावा धाडला, आणि त्या दिवशी मास्तरांच्या ताटात वांग्याचं भरीत होतं.

संध्याकाळी पाटील उकंडरावच्या ओट्यावर स्वतः होऊन गेले आणि पायरीजवळच्या त्याच जागेवर बसले. शांतपणे त्यांनी दोरा काढला. लंडन ते पॅरिस किती, तर आपल्या विहिरीपासून ह्या गोठ्यापर्यंत, हे त्यांनी गावाला समजावून सांगितलं. सरकारी नकाशावर सरकारी मापानं मोजलेलं, पटवारी साक्षीला. मग ते उकंडरावकडं वळले.

"उकंडराव, तुमचा म्हातारा बैल माह्या विहिरीवर पाणी पिऊन गोठ्यात येते, त त्याले किती वेळ लागते?"

उकंडराव गोठ्याकडं पाहू लागला.

"तंबाखू मळून होत नाही तवर येते," निवृत्ती म्हणाला. "म्या पाह्यलं हाय."

"अन् विमानाले सव्वादोन तास," पाटील म्हणाले, आणि उठले.

दुसऱ्या दिवशी सतरंजी भरली. जागा पुरेना म्हणून झुंबरबाईंनी गोणपाट आणून टाकले. उकंडरावचे दिवस मात्र वाईट सुरू झाले. त्यानं आधी सांगून पाहिलं की विमान सरळ जात नाही, घारीसारखं घिरट्या घालत जातं. मग सांगितलं की वाटेत दर्या आहे. पाटलांनी तो दर्याही मोजला. तो गावाबाहेरच्या कोरड्या नाल्याएवढा भरला, ज्यावरून बकऱ्या उड्या मारतात. विहिरीवर बायका गोजरबाईंना विचारू लागल्या, की जावईबापूंच्या पायाला काही लागलंय काय, एवढं अंतर चालवलं नाही ते. गोजरबाईंनी पाण्याला जायची वेळ बदलली आणि सगळा राग नवऱ्यावर काढला. उकंडरावच्या मनात जावयाबद्दलच शंका येऊ लागली. एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला कोणीतरी विमानात बसवून गोल गोल फिरवलं आणि फसवलं, असं तो बायकोला म्हणाला. त्या दिवशी त्याला चटणीच मिळाली, सोबत भाकर नाही.

पाटलांना इतकं सुख नागपूरहून आले तेव्हाही झालं नव्हतं. रोज कोणीतरी काहीतरी मोजायला सांगे आणि पाटील मोजत. एकदा निवृत्तीनं विचारलं, लंडन-पॅरिस एवढंसं, तर मग अख्खी विलायत केवढी असेल. पाटलांनी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन विलायतेला खालून वर दोरा लावला. ती वान नदीपासून सुरू झाली आणि मारुतीच्या देवळाच्या अलीकडंच संपली.

"म्हंजे आपल्या शिवारात बसते," निवृत्ती म्हणाला.

"बसून वर जागा उरते," पाटील म्हणाले.

निवृत्तीनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाला, "मंग तिथला राजा म्हंजे आपल्या पाटलासारखाच कोणीतरी असन."

पाटलांना ही तुलना आवडली. त्यांनी नाही म्हटलं नाही. इथंच त्यांचं चुकलं.

थंडीच्या दिवसांत तालुक्याच्या जळगावचे तहसीलदार दौऱ्यावर निघत आणि वरवटला मुक्काम करत. मुक्काम म्हटला की गावानं सरबराई करायची. खाटा द्यायच्या, दूध द्यायचं, घोड्याला कडबा आणि साहेबाला कोंबडी. गाव कुरकुरत देई, पण देई. त्या वर्षी तहसीलदार साहेब आले, आमराईत तंबू लागला, आणि गावातून काहीही आलं नाही. कोतवाल तुळशीराम घरोघर फिरला आणि रिकाम्या हातानं परत आला. शेवटी पाटलांनी आपल्या घरची एक खाट पाठवली. तिची दोरी मधे तुटलेली होती आणि साहेब बसताच तिथं पोचले जिथं खाटेखालचं मांजर होतं.

पाटलांना बोलावणं गेलं. मागोमाग गाव आलं. साहेब नागपूरकडचे, अंगानं जाड आणि बोलायला सावकाश. त्यांनी विचारलं, दूध का नाही.

पाटलांनी गाई आटल्या असल्याचं सांगितलं. साहेबांनी विचारलं, कोंबड्याही आटल्या काय. पाटील घाम पुसू लागले. तेव्हा निवृत्तीला वाटलं, आपण पाटलांना मदत करावी.

"साहेब, त्याचं असं हाय," तो म्हणाला. "विलायत म्हंजे आमच्या वरवटाएवढंच एक गाव हाय. ते पाटलानं मोजलं. मंग एका गावानं दुसऱ्या गावाच्या हुकमानं कोंबड्या काऊन द्यावं? आम्ही कधी शेजारच्या वानखेडवाल्याले मागतल्या नाही."

साहेबांनी पाटलांकडं पाहून विचारलं, हे तुम्ही मोजलं काय. पाटलांनी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून ते कोणाला कळलं नाही. मग दोन्ही नकाशे मागवले गेले. शाळेचा नकाशा घेऊन येताना मास्तरांचा चेहरा असा होता, की जणू आजवर खाल्लेली सगळी भरितं त्यांना एकदम आठवली होती. साहेबांनी दोरा मागितला, दोन्हीकडं ठेवून पाहिला, आणि मग ते जे हसायला लागले ते तंबूचा खांब धरूनच थांबले. थांबल्यावर त्यांचा चेहरा पुन्हा तहसीलदाराचा झाला.

"पाटील, तुमचा फोटो काढलाय कधी?"

"हो साहेब. शेगावच्या जत्रेत."

"त्यात तुमचं तोंड केवढं आलंय?"

पाटलांनी अंगठ्याचं नख दाखवलं.

"मग तुमचं तोंड तेवढंच आहे काय?"

गावातले काही जण हसले आणि पाटलांना सगळं समजलं. समजल्याबरोबर आधी आपली पाटिलकी आठवली, आणि त्यानंतर लगेच, साहेबापुढं उभे असतानाही, मनात आलं की म्हणजे उकंडरावचा जावई खरोखरच शंभर कोस गेला.

साहेबांनी शिक्षा सावकाश, एकेक शब्द तोलून सांगितली. सरकारची अशी बेअदबी केलेल्या पाटलाची पाटिलकी जायला पाहिजे. पण माणूस जुना आहे, म्हणून एक करायचं. आज सांजेपर्यंत गावातल्या प्रत्येक गल्लीत दवंडी पिटायची, की लंडन ते पॅरिस शंभर कोस आहे आणि विमान ते सव्वादोन तासांत जातं. डफडं कोतवालानं वाजवायचं, पण बोलायचं पाटलांनी, स्वतःच्या तोंडानं. आणि एका जरी माणसाला ते समजलं नाही, तर दवंडी पुन्हा पहिल्यापासून.

पाटिलकी जाणं वाईट की उकंडरावच्या जावयाची दवंडी देणं वाईट, याचा पाटलांनी घरापर्यंत विचार केला. झुंबरबाईंनी पागोटं हातात देत सांगितलं, की पाटिलकी गेली तर सतरंजी धुऊन ठेवता येईल. पाटील पागोटं बांधून निघाले.

पहिल्या गल्लीत त्यांचा आवाज डफड्याखाली दबून गेला. तुळशीरामला ते जोरात वाजव म्हणून खुणावत होते. पण मागून साहेबाचा शिपाई चालत होता आणि त्यानं दवंडी पुन्हा द्यायला लावली. दुसऱ्या गल्लीत एका म्हातारीनं विचारलं, शंभर कोस म्हणजे कुठवर. शिपायानं पाटलांकडं पाहिलं. माणसाला समजलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. पाटलांचा नाइलाज झाला.

"म्हंजे पाहा," ते म्हणाले. "इथून नागपूर. नागपूर त तुम्हाले ठाऊकच हाय. त्याच्याबी पुढं भंडारा. अन् त्याच्याबी पुढं, जिथं भातच भात पिकते, तवर."

"अन् मंधात टेसनं किती?" म्हातारीनं विचारलं.

"एकबी नाही," पाटील म्हणाले. "वर कायचं टेसन राह्यते?"

हे बोलताना पाटलांना स्वतःलाच ते नवीन वाटलं. टेसन नाही. बडनेऱ्याला पाण्यासाठी उतरणं नाही. रात्रभर ज्या डब्यात ते कोपराला कोपर लावून बसले होते तो डबा खाली कुठंतरी मुंगीसारखा चाललाय आणि आपण वरून, असं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. त्यांनी ते म्हातारीला सांगितलं. तिसऱ्या गल्लीत त्यांनी वानेची वाळू वरून कशी दिसेल ते सांगितलं, आणि सातपुडा म्हणजे झोपलेल्या म्हशींची रांग. चौथ्या गल्लीत वारा सुटला आणि विमान डगमगलं. तुळशीरामनं न सांगता डफडं हळू केलं. पाचव्या गल्लीत दर्या आला तेव्हा पाटलांच्या मागं पाऊणशे माणसं चालत होती, आणि त्यांत शिपाईही होता. त्याचं आता हुकमाकडं लक्ष नव्हतं. पुढं काय झालं एवढंच त्याला ऐकायचं होतं.

साहेबांना त्या सांजेला दूध मिळालं, कोंबडी मिळाली आणि धड दोरीची खाट मिळाली. दिवेलागणीला पाटलांच्या ओसरीवर गोणपाटंही पुरली नाहीत. दवंडी नीट ऐकू न आलेले लोक पुन्हा ऐकायला आले होते, आणि ऐकलेलेही. पाटील लंडनहून उठत आणि पॅरिसला उतरत. तिथं उतरल्यावर माणसाला पाय जमिनीवर ठेवताना लाज कशी वाटते, तेही ते सांगत.

काही दिवसांनी उकंडरावही येऊ लागला. घरी ओट्यावर कोणी उरलं नव्हतं आणि गोजरबाई बोलत नव्हत्या. तो पायरीजवळ बसे. जावई त्याचा, विमान जावयाचं, आणि ते उडवतोय पाटील, हे त्याला सहन होत नव्हतं. एकदा तो मधेच म्हणाला, की व्याह्यांनी तर दर्यात मासे दिसल्याचं काही सांगितलं नव्हतं. निवृत्तीनं त्याला गप्प केलं.

"तुमाले काय माहीत, उकंडराव? तुम्ही कधी नागपूरले त गेले नाही."

उकंडरावनं दात आवळून वाट पाहिली. जावई परत आला की दूध वेगळं आणि पाणी वेगळं होईल, हे तो दिवसातून एकदा तरी बायकोला सांगे. त्या आशेवर गोजरबाई पुन्हा बोलू लागल्या. उन्हाळ्यात जावई खरोखरच सासुरवाडीला आला. उकंडरावनं ओटा सारवून घेतला, चिखलीहून पेढे मागवले, गावाला आवतण दिलं, आणि पाटलांनाही दिलं. पायरीजवळच्या जागेचं.

गाव जमलं. जावई कोट घालून खुर्चीवर बसला. उकंडराव म्हणाला, "जावईबापू, सांगा आता. लंडनहून निघाल्यापासून."

"निघालो सकाळी," जावई म्हणाला. "सव्वादोन तासांनी पोचलो."

गाव वाट पाहत राहिलं.

"मंधात काय झालं?" निवृत्तीनं विचारलं.

"काही नाही. खुर्ची बरी होती."

"वारा? दर्या?"

जावई आठवायचा प्रयत्न करत होता. उकंडराव त्याच्या तोंडाकडं असा पाहत होता, जसा उपाशी माणूस झाकलेल्या ताटाकडं पाहतो. शेवटी निवृत्ती वैतागून पायरीकडं वळला आणि म्हणाला, "राहू द्या बाप्पा, नवीन माणूस हाय तो. पाटील, तुम्हीच सांगा."

पाटलांनी आढेवेढे घेतले. मग सुरू केलं. लंडनच्या धुक्यातून विमान उठलं. वारा आला. दर्या आला. एक गलबत खाली लिंबाच्या पानाएवढं दिसलं. जावई हळूहळू खुर्चीत पुढं सरकला, मग खुर्ची सोडून खाली ओट्यावर आला आणि हनुवटी मुठीवर ठेवून ऐकत राहिला. विमान डगमगलं तेव्हा त्यानं शेजारच्याचा गुडघा धरला.

सगळे पेढे खाऊन गेल्यावर उकंडरावनं त्याला विचारलं, की असं कसं केलं जावईबापू, एवढं सगळं झालं आणि तुम्ही काहीच सांगितलं नाही.

"खरं सांगू का मामा," जावई म्हणाला. "बसल्याबरोबर मला झोप लागली. पोचल्यावर त्यांनी उठवलं. आज पाटलांनी सांगितलं तेव्हा कळलं, कशावरून गेलो ते. माणूस मोठा आहे हं."

पेढ्याची रिकामी परात उकंडरावच्या पुढ्यात होती. तिकडं पाटलांच्या ओसरीवर कंदील लागला होता आणि माणसांचा आवाज येत होता, कारण विमान परत लंडनला कसं गेलं हे अजून बाकी होतं.

"जावईबापू," तो शेवटी म्हणाला, "पुढच्या खेपेले विलायतेले जासान, त पाटलाले संग घेऊन जा. खर्च मी करतो." थोडं थांबून तो म्हणाला, "अन् येतानी एकलेच या."